बावखलाचा तळ

आमच्या घरात सकाळचा पहिला घोट माझा असे, आणि तो चहाचा नसे. तोंड खंगाळून, पोटात काही न घालता मी वाडीतल्या बावखलावर जायचे, शेवटच्या पायरीवर उकिडवी बसायचे आणि ओंजळभर पाणी तोंडात घेऊन जिभेवर घोळवायचे. मग थुंकायचं, उभं राहायचं आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचं, ‘गोड!’ नाहीतर ‘मचूळ!’ वसईच्या बाहेरच्या माणसाला बावखल सांगावं लागतं. विहिरीहून ऐसपैस आणि तलावाहून लहान, चारी बाजूंनी आंबा-करंजाची झाडं ओणवलेली, अशी ती प्रत्येक वाडीची स्वतःची तळी. पावसाळ्यात ती भरायची आणि वर्षभर वाडीला पुरायची. प्यायचं पाणी आम्ही देवळाजवळच्या दगडी विहिरीतून आणत असू. बावखलाचं पाणी केळीचं आणि पानवेलींचं. पण ते चाखायचं मात्र माणसाच्या जिभेनं, कारण पानवेलीला बोलता येत नाही आणि ती बोलायला लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

मचूळ म्हणजे खारट नव्हे. खारट कोणालाही कळतं. मचूळ म्हणजे पाण्यात काहीतरी आहे एवढंच जाणवतं, आणि घोट गिळल्यावर पुन्हा तहान लागल्यासारखं होतं. मोठ्यांच्या जिभा तंबाखू-चुन्यानं मेलेल्या, म्हणून हे काम घरातल्या लहान पोराकडे असे. माझ्या आधी आत्या चाखायची, ती लग्न होऊन गेल्यावर माझी पाळी आली. मी ‘मचूळ’ म्हटलं की रहाट थांबायचा. बैल सोडले जायचे आणि तीन-चार दिवस बावखलाला कोणी हात लावायचं नाही. तेवढ्यात आजूबाजूच्या वाळूतून गोडं पाणी झिरपून पुन्हा वर साचायचं. वेली तेवढे दिवस तहान काढायच्या. बाकी घरात मला कोणी काडीची किंमत देत नव्हतं, पण त्या एका शब्दावर दोन बैल आणि दोन पुरुष थांबायचे, याचा मला केवढा तोरा होता! आईनं भाकरी थापायला बोलावलं तर मी म्हणायचे, ‘माझे हात गरम होतील, जीभ बिघडेल.’ आई म्हणायची, ‘तुझी जीभ बिघडायची बाकी आहे होय?’

दोन पुरुष म्हणजे माझे वडील, आप्पा, आणि त्यांचे थोरले भाऊ बापूकाका, ज्यांना आप्पा दादा म्हणत. वाडी दोघांची, मधून बांध, पण बावखल एकच. काका निपुत्रिक होते, काकी आजारी असायची. काकांचं सगळं लक्ष त्यांच्या पानवेलींवर. पांगाऱ्याच्या खोडांना केळीच्या वाळक्या सोपटानं वेल बांधताना ते तिच्याशी हळू आवाजात बोलायचे, आणि आम्ही पोरं पलीकडून त्यांची नक्कल करायचो. आप्पा वेगळे. त्यांना काहीही लगेच हवं असायचं. जेवायला बसले की भात वाफाळता हवा, आणि सुक्या बोंबलाचं कालवण ताटात पडेपर्यंत त्यांचे दोन घास कोरडेच गेलेले असत. सगळ्यांत आधी नवं बियाणं आमच्या वाडीत यायचं आणि सगळ्यांत आधी मरायचंही आमच्याच वाडीत. पण ते हसरे होते आणि मला ‘बाय’ म्हणून हाक मारायचे तेव्हा मी हातातलं काम टाकून धावायचे.

वैशाखात बावखलाचं पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं की गाळ काढायचा मोठा कार्यक्रम असे. सारं घर पाण्यात उतरायचं. वर्षभर पडलेला पाला, पावसानं वाहून आणलेली माती, मासळीची घाण, सगळं कुजून तयार झालेला तो काळा, लोण्यासारखा गाळ टोपल्यांतून वर चढायचा आणि वेलींच्या पायाशी पडायचा. आमच्या वाडीची वरची दीड हात माती अशी पिढ्यान्‌पिढ्या टोपल्यांनी वाहून केलेली होती. तिच्याखाली नुसती वाळू. त्या दिवशी रांधायला कोणाला वेळ नसायचा. केळीच्या पानावर तांदळाची भाकरी, भाजलेला सुका बोंबील आणि मागाहून सुकेळ्यांचा, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा, तुकडा. चिखलानं भरलेल्या हातांनी खाल्लेली ती भाकरी मला अजून आठवते, आणि आठवली की पुढचंही सगळं आठवतं, म्हणून मी फारशी आठवत नाही.

पुढे मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. विदारण, क्षरण, संचयन हे शब्द फळ्यावर लिहून मुलांना सांगितलं की सह्याद्रीचा काळा दगड उन्हापावसानं फुटतो, नद्या तो दळत दळत खाली आणतात, समुद्र त्यातलं काही परत किनाऱ्यावर टाकतो आणि अशा टाकलेल्या वाळूच्या पट्ट्यांवर आपण राहतो. आपली वसई म्हणजे समुद्रानं मागे सरकताना सोडून दिलेली जमीन. पावसाचं पाणी त्या वाळूत मुरतं आणि वजनानं हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखं बसून राहतं. वरून हळूहळू काढलं तर साय पुन्हा धरते. मुलं वहीत आकृती काढायची, गोड्याला निळा रंग आणि खाऱ्याला हिरवा. मधली रेघ किती पातळ असते ते मी त्यांना कधी नीट सांगू शकले नाही. तिथे आले की मी तास संपवायचे.

मी बारा वर्षांची असताना आप्पांनी तेलावर चालणारं इंजिन आणलं. काकांचा विरोध होता. रहाटाची मडकी एकामागून एक चढायची, त्याचा करकर आवाज इतका जुना होता की तो थांबला की झोपेतून जाग यायची. इंजिनानं ठकठक सुरू केली आणि पहिल्याच दिवशी पाट दुथडी भरून वाहिले. आप्पा पाटात उभे राहून पाण्यात पाय आपटत होते. काका म्हणाले, ‘रहाट बावखलाला इचारून पानी घेतो रे. ह्ये तं हिसकावतंय.’ आप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या वर्षी माघातच तळ दिसायला लागला. वैशाखातला गाळ आम्ही फाल्गुनात काढला आणि तरी पाणी भरेना. वेली दीड-दोन वर्षांच्या होत्या, पान नुकतं हाताशी यायला लागलेलं. आप्पांनी ठरवलं, बावखल आणखी खोल खणायचं.

खणायला मिठागराकडच्या गावातला बुधाजी आला. वाकलेला, काटक म्हातारा. आयुष्यभर विहिरी खणून त्याच्या हाताची बोटं सरळ होत नसत. दोन दिवस त्यानं वाळू उपसली. वाळू आधी पिवळी, मग करडी, मग शिंपल्यांची. मुठीएवढे शिंपले, काहींची दोन्ही पाखं अजून मिटलेली. मी ते धुऊन ओटीवर मांडत होते. तिसऱ्या दिवशी पहारीचा आवाज बदलला. शिंपले आणि वाळू एकमेकांत घट्ट बसून त्यांचा दगड झालेला एक थर लागला होता, वीतभर जाडीचा, तळभर पसरलेला. बुधाजीनं पहार खाली ठेवली आणि वर चढून आला.

‘हितं थांबायचं,’ तो म्हणाला.

‘पाणी कुठं लागलंय अजून?’ आप्पा म्हणाले.

‘पानी खालीच हाय. पन ते तुमचं नाय, दर्याचं हाय. ह्यो थर म्हंजे झाकन. माझ्या बापानं असली झाकनं कवाच फोडली नाय.’

आप्पा हसले. ‘तुझ्या बापाकडे इंजिन होतं काय?’

काका बांधावर उभे होते. ते खाली आले, आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार शांतपणे बोलले. मला ते बोलणं शब्द न शब्द आठवतं, कारण त्यांच्यात ते शेवटचं नीट बोलणं. ‘एक साल पान गेलं तं जाऊ दे. पाऊस येल, बावखल भरंल. पन झाकन फुटलं तं पुना बसवता यायचं नाय. ऐक माझं.’ आप्पांनी खांद्यावरचा हात झटकला नाही, पण वाकून पहार उचलली आणि स्वतः खाली उतरले. बुधाजीनं आपली टोपली उचलली आणि तो निघून गेला. आईनं त्याच्यासाठी केलेला चहा तसाच राहिला.

थर फोडायला आप्पांना दुपार लागली. खालून निळसर काळा चिखल निघाला, त्याला ओहोटीच्या खाडीचा वास होता. आणि मग पाणी आलं. बाजूंनी झिरपत नव्हे, तळातून उकळल्यासारखं वर आलं. संध्याकाळपर्यंत बावखल छातीएवढं भरलं. आप्पा त्यात कपड्यांनिशी उभे होते आणि मला हाका मारत होते, ‘बाय, ये गं, बघ!’ मी चाखलं. गोड होतं. खरंच गोड होतं, थंड आणि स्वच्छ. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वाडीतले लोक कुंपणापाशी आले. काका बांधावरून घराकडे वळले. त्या दिवसापासून ते बावखलाच्या पायऱ्या उतरले नाहीत. त्यांच्या पाळीला आप्पा इंजिन चालवून त्यांच्या बाजूचा पाट मोकळा करायचे. पाट सोडण्याआधी काका आमच्या अंगणाशी येऊन एवढंच विचारायचे, ‘बाय काय म्हनली?’ आई सांगायची, ‘गोड म्हणाली.’ ‘मंग सोड म्हनावं त्याला,’ असं म्हणून ते जायचे. भावाशी अबोला धरला तरी माझ्या जिभेवर त्यांचा भरवसा होता.

पाचव्या सकाळी पाणी मचूळ होतं.

मी पुन्हा ओंजळ भरली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तोंडात घेतलं तेव्हा मला रडू यायला लागलं. वर काठावर आप्पा इंजिनाचा दांडा हातात धरून माझ्याकडे बघत होते. पलीकडे काकांच्या वाडीत पानं खुडायचा आवाज थांबला होता. तेही ऐकत होते. मी ‘मचूळ’ म्हटलं असतं तर इंजिन थांबलं असतं, आणि तेवढ्यावर ते थांबलं नसतं. काकांचं खरं झालं असतं. म्हाताऱ्या बुधाजीला आणि सख्ख्या भावाला धुडकावून झाकण फोडणाऱ्या आप्पांचं सगळ्या आळीत हसं झालं असतं. मला वाटलं, एक दिवस. उद्या बहुतेक गोड होईल. मी उभी राहिले आणि ओरडले, ‘गोड!’ आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

दुसऱ्या दिवशी ते जास्त मचूळ होतं, पण आता कालचं खोटं पाठीशी होतं. तिसऱ्या दिवशी मी पाणी तोंडात घेतल्याचं सोंग करायला लागले. सकाळी उठावंसं वाटेना. आई म्हणायची, पोरीच्या तोंडाची चव गेलीय वाटतं, भाकरी खात नाही. रात्री माझ्या मनात एकच हिशेब चाले की मी कधी सांगायचं, आणि प्रत्येक दिवस गेला की सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड झालेलं असे. लोक म्हणतात लहान मुलांना खोट्याचं ओझं नसतं. त्यांना मी विचारेन की तुम्ही कधी लहान होता का. अकरा दिवस मी ‘गोड’ म्हणत राहिले आणि अकरा दिवस दोन्ही वाड्यांचे पाट वाहत राहिले.

आधी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. काकांना वाटलं ऊन लागलं, म्हणून त्यांनी वेलींवर केळीची पानं बांधली. मग पाटाच्या कडेला, जिथे पाणी सुकायचं, तिथे पांढरी साय धरायला लागली. माझ्या खोट्याच्या बाराव्या सकाळी काका बांध ओलांडून आले. हातात त्यांच्या वेलीच्या मुळाशी घेतलेलं मातीचं ढेकूळ होतं. ते आमच्या अंगणात उभे राहिले, ढेकळाचा कोपरा तोडून जिभेवर ठेवला आणि थुंकले. मग माझ्यासमोर वाकले.

‘बाय,’ ते म्हणाले, ‘पानी कसं लागतं?’

मी आप्पांकडे बघितलं नाही. काकांच्याच डोळ्यांत बघत म्हणाले, ‘गोड.’

ते सरळ उभे राहिले. बावखलाकडे गेले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा पायऱ्या उतरले, घोट घेतला. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा रागीट नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी मला विचारलं, ‘तुला कोनी सांगितलं असं म्हनायला?’ आणि मी तोंड उघडणार एवढ्यात आप्पा मध्ये आले. ‘पोरीला काय विचारतोस? पाणी मी चाखत होतो रोज. काय बोलायचं ते मला बोल.’ काका दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग हातातलं ढेकूळ त्यांनी आमच्या तुळशीच्या कट्ट्यावर अलगद ठेवलं आणि गेले.

त्या क्षणी आप्पा मला देवासारखे वाटले, हे मी इथे लिहून ठेवते. माझं पाप त्यांनी स्वतःवर घेतलं होतं. त्यांनी मला मारलं नाही, साधं विचारलंही नाही. पुढे कितीतरी वर्षं, कोणी बापाच्या मायेच्या गोष्टी सांगायला लागलं की मला त्या सकाळचा प्रसंग आठवायचा.

पावसाआधी सगळ्या वेली गेल्या. आप्पांनी तळातलं भोक चिकणमाती कालवून बुजवलं, पण बुजलं ते वरवर. पावसानं वाळूतलं मीठ धुऊन नेलं, वाळू लवकर निवळते. टोपल्यांनी वाहिलेली ती दीड हात काळी माती मात्र मीठ सोडेना. उन्हात ती विटेसारखी कडक व्हायची आणि पावसात चिकट, पाणी वरच्यावर साचून राहायचं. आम्ही केळी लावून पाहिल्या, गवतसुद्धा पिवळं आलं. मातीला होताना शंभर वर्षं लागतात असं मी फळ्यावर लिहायचे. जायला अकरा दिवस पुरतात हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

आप्पांना गावात नोकरी मिळाली आणि आम्ही कसेबसे उभे राहिलो. काकांना पन्नाशीला वेलींखेरीज काही येत नव्हतं. त्यांनी वालीवला एका कारखान्यात राखणदाराचं काम धरलं. काकी त्याच वर्षी गेली. दर रविवारी ते घरी यायचे, त्यांच्या बाजूच्या मोकळ्या वाफ्यांतून एक चक्कर मारायचे आणि परत जायचे. मला भेटले की डोक्यावर हात ठेवायचे. मला त्यांना सांगायचं होतं. मॅट्रिक झाल्यावर सांगू, लग्न ठरल्यावर सांगू, असं करत राहिले. एका रविवारी ते आले नाहीत. कारखान्याच्या फाटकापाशी खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते. त्यांचे शर्ट आणायला मी गेले तेव्हा फाटकाच्या आत, सिमेंटच्या फुटक्या पिंपात त्यांनी एक वेल लावलेली दिसली. तिथल्या कामगार पोरांनी सांगितलं, तिला घालायचं पाणी बाबा आधी स्वतः पिऊन बघायचे.

वाड्या आता इमारतींखाली गेल्या. आमचं बावखल विटांच्या चुऱ्यानं भरून टाकलं. मी राहते त्या बोळिंजच्या इमारतीतही पावसात गाड्या ठेवायच्या जागेत गुडघाभर पाणी चढतं आणि सोसायटीच्या सभेत लोक एकमेकांवर तावातावानं ओरडतात. मी मागच्या खुर्चीवर बसते. पाणी आपल्या जुन्या जागेवर येतं, त्यात ओरडण्यासारखं काय आहे? पण म्हातारीचं कोण ऐकतं, आणि माझ्या शब्दावर आता कोणी काही थांबवावं असं मलाही वाटत नाही.

आप्पा ब्याण्णव वर्षं जगले. शेवटचं दीड वर्ष माझ्याकडे, याच घरात होते. एका दुपारी मी त्यांना तांदळाची पेज भरवत होते. काकांना जाऊन तेव्हा तीस वर्षं होऊन गेली होती. मला वाटलं, निदान यांना तरी सांगावं. मी म्हणाले, ‘आप्पा, पाचव्या दिवसापासून पाणी मचूळ होतं. मी खोटं बोलले. तुम्ही माझं नाव येऊ दिलं नाहीत.’

त्यांनी तोंडातली पेज गिळली. ‘नाव कसलं?’ ते म्हणाले. ‘मी चाखत होतो म्हटलं ना तेव्हाच. सहाव्या दिवशी चाखलं मी. तंबाखूच्या जिभेला पन कळलं.’

‘मग इंजिन का चालवलंत?’

‘तू गोड म्हनत होतीस ना, बाय,’ आप्पा म्हणाले. ‘दादा तुझंच ऐकायचा.’ आणि पुढच्या घासासाठी त्यांनी तोंड उघडलं.

मी वाटी खाली ठेवली आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसले. त्यांनी दोनदा हाक मारली. मी गेले नाही.